आमच्या घरचा वशिला

आबांची ओळख वरपर्यंत आहे, ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती आबांनीच सगळ्यांना सांगितली होती. आबा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत ते शिपाई होते आणि साहेबांच्या दाराबाहेरच्या लाकडी स्टुलावर त्यांची सगळी नोकरी गेली. साहेब बदलत, स्टूल तेच राही. घंटी वाजली की आत जायचं, पाणी ठेवायचं, फाईल उचलायची आणि बाहेर येऊन पुन्हा बसायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावर आबा जे सांगत, त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं की जिल्हा साहेब चालवतात आणि साहेबांना आबा. "मी म्हटलं साहेबांना, हे काय बरं दिसत न्हाय," अशी सुरुवात व्हायची. आई भाकरी थापता थापता मान वर न करता विचारायची, "म्हटलासा, का मनात म्हटलासा?" त्यावर आबा म्हणत, तुला कचेरीतलं काय कळतंय, आणि टोपी खुंटीला अडकवत.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पाऊस लागला की बोललेलं ऐकू यायचं नाही, आणि उन्हाळ्यात पत्रा तापून अधूनमधून एकटाच कडकड वाजायचा. त्याच दिवसांत चटणीचा हंगाम असे. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचा कांदालसणाचा मसाला. दारात मिरच्या वाळत पडायच्या, आई खोबरं, तीळ, धने भाजत बसायची आणि सगळी गल्ली शिंकत फिरायची. कांडून आणलेल्या चटणीतली पहिली बरणी घरात वापरायची नाही असा नियम होता. ती नाईकसाहेबांची. आबांच्या स्टुलापुढून जेवढे साहेब गेले त्यांतले हे सगळ्यांत मोठे. बाकीचे बदली होऊन कुठं कुठं गेले, पण नाईकसाहेब रिटायर झाल्यावर कोल्हापुरातच बंगला बांधून राहिले, त्यामुळं आबांचा वशिलाही कोल्हापुरातच मुक्कामाला राहिला. दर वर्षी भरलेली बरणी जायची आणि पुढच्या वर्षी रिकामी परत यायची. याला आबा संबंध ठेवणं म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांनी बरणी एकदाही घासून दिली नाही, हे आईचं म्हणणं.

आमचा गॅसचा नंबर बरीच वर्षं वाट बघितल्यावर लागला. आमच्याबरोबर गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी नाव घातलं होतं त्या सगळ्यांचाच त्याच आठवड्यात लागला. पण आमचा साहेबांच्या फोनमुळं लागला. मी दहावी पास झाले तेव्हा बोर्डापर्यंत कुणी पोचलं असेल असं आबा म्हणाले नाहीत, पण तसं नाही असंही म्हणाले नाहीत, ते मला तेव्हाच खटकलं होतं. एखादं काम झालं नाही, तर साहेब त्या वेळी दौऱ्यावर असायचे. रिटायर झालेला माणूस कसल्या दौऱ्यावर जातो, हे कुणी विचारलं नाही. उलट गल्लीतले लोक रेशनकार्डापासून दाखल्यापर्यंतची कामं घेऊन आबांकडं यायचे. "आबा, जरा शब्द टाका की." आबा खिशातली छोटी डायरी काढून नाव लिहून घेत आणि "बघू" म्हणत. निम्मी सरकारी कामं थोडी कळ काढली की आपोआप होतात, हे गुपित त्यांनी त्या स्टुलावर बसून शिकून घेतलं होतं. लोकांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून आबांची डायरी चालत होती.

आता माझी पन्नाशी उलटून गेली आहे आणि आयुष्यभर मी मराठी शिकवलं आहे, तेव्हा या शब्दाविषयी दोन गोष्टी सांगायचा मला हक्क आहे. मी नववीत असताना आम्हाला मगदूम सर मराठी शिकवायचे. जैन शेतकऱ्याच्या घरातले, पांढरा शर्ट, सायकलच्या हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी. वाक्प्रचार शिकवताना "वशिल्याचं तट्टू" आलं आणि सरांनी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, वशिला हा आपला शब्दच नव्हे. मूळ अरबी, वसीला, आपल्याकडं आला तो फारसीतून, दरबारी कागदांबरोबर. आणि त्याचा अर्थ वाईट नव्हता. वसीला म्हणजे साधन, पोचायचा मार्ग, मध्यस्थ. देवापर्यंत पोचवणारा तो वसीला. आपण त्याला कारकुनापर्यंत आणून ठेवला. मग तट्टू कुठून आलं? तर सर म्हणाले, जुन्या काळी शिलेदार लोक स्वतःचं घोडं घेऊन फौजेत यायचे. घोड्यांची हजेरी व्हायची, अंगापिंडानं भरलेलं घोडं असेल तरच नाव चढायचं. पण हजेरी घेणारा कारकून ओळखीचा असला, की एखाद्यानं कुंभाराचं तट्टू आणून उभं केलं तरी वहीत घोडं म्हणून लिहिलं जायचं. मग ते तट्टू घोड्याचा दाणा खायचं आणि लढाईच्या दिवशी मागं उभं राहायचं.

ही दुसरी गोष्ट मी पुढं बऱ्याच कोशांत शोधली, मला कुठं सापडली नाही. सरांनी रचलीही असेल. पण तीस वर्षं मी ती वर्गात खरी म्हणूनच सांगत आले, आणि ऐकणाऱ्या पोरांपैकी एकानंही कधी शंका घेतली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी आबांना विचारलं, की आपण तट्टू का हो? आबांना राग आला. म्हणाले, तट्टू ते, ज्याला दुसऱ्याचा वशिला लागतो. आपण वशिला देणारी माणसं. हे बोलताना ते साहेबांच्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होते.

मी बी.ए. केलं, बी.एड. केलं. आणि गारगोटीच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कुलाची जाहिरात आली. मराठीच्या दोन जागा, दोन्ही खुल्या. एरवी अशा जागा कशा भरल्या जातात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, पण त्या वर्षी शिक्षण खात्यात कुणी कडक अधिकारी आले होते म्हणे, म्हणून संस्थेनं लेखी परीक्षा ठेवली. मी दोन महिने घराबाहेर पडले नाही. पत्र्याखाली घाम पुसत व्याकरण पाठ केलं. आबा अधूनमधून यायचे, पुस्तकांकडं बघायचे आणि म्हणायचे, हे वाच तू, मी साहेबांना सांगून ठेवतो. मी नको म्हणायचे. आबा "बरं" म्हणायचे. आमच्या घरात आबांचं "बरं" म्हणजे हो किंवा नाही यांतलं काहीच नसायचं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी त्यांनी मला साहेबांकडं नेलंच. बरणी माझ्या हातात. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मला बस म्हणाले. आबांनाही बस म्हणाले, पण आबा बसले नाहीत. समोर रिकामी खुर्ची असताना ते दाराच्या चौकटीशी उभे राहिले, अगदी कचेरीत उभे राहायचे तसे. घरी ज्या साहेबांना आबा बरं-वाईट समजावून सांगायचे, त्या साहेबांपुढं त्यांच्या तोंडून "व्हय साहेब" सोडून शब्द निघेना. साहेबांनी विचारलं, मुलीचं नाव काय म्हणालास? आबांनी माझं नाव, परीक्षा, गाव सगळं सांगितलं. साहेबांनी पेपरच्या कोऱ्या कडेला ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "बघू." तो शब्द ऐकल्याबरोबर मला आबांची डायरी आठवली आणि हसू आलं. तेवढ्यात बाईसाहेब आतून आल्या. परसातले चार पेरू त्यांना द्यायचे होते. साहेबांच्या मांडीवरचा पेपर त्यांनी उचलला, वरचं पान फाडलं, त्यात पेरू गुंडाळले आणि पुडी माझ्या हातात दिली. साहेब चष्मा पुसत होते. आबा जमिनीकडं बघत होते. वाटेत सायकलवर मागं बसून मी पुडी उलटी केली, तर कडेला माझं नाव, परीक्षेची तारीख आणि गाव. आमचा वशिला चार पेरूंना गुंडाळून आमच्याबरोबरच घरी चालला होता. पेरू आईला दिले. कागद मी घडी घालून माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीत ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही.

परीक्षेला माझ्या शेजारच्या बाकावर शैला नावाची मुलगी होती. कबनूरची. तिचे वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते. मधल्या सुट्टीत आम्ही डबे एकत्र खाल्ले. ती मोठ्यानं बोलायची, मागांच्या आवाजात वाढल्यामुळं तशी सवय लागली म्हणाली. प्रश्नपत्रिकेतला एकेक प्रश्न घेऊन तिनं माझ्याशी वाद घातला आणि बहुतेक ठिकाणी तिचंच बरोबर होतं. मला वाटलं, ही लागणार. माझं काय होईल ते होवो.

पंधरा दिवसांनी मला ऑर्डर आली. आई कागदाकडं बघत बसली, तिला वाचता यायचं नाही, तरी बराच वेळ बघितला. आणि आबा पेढे घेऊन गल्लीत निघाले. मी दारातनं ऐकत होते. प्रत्येक उंबऱ्यावर पेढा आणि त्याबरोबर एकच वाक्य: "साहेबांनी शब्द पाळला." माझं नाव कुठंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहारात बायका मला म्हणाल्या, बाई, नशीब काढलंस, तुझ्या आबांची ओळख होती म्हणून. गल्लीबाहेरचे लोक म्हणाले, सवलतीतनं लागली असंल. जागा खुली आहे म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, असं होय, मग वशिला असंल. मी लागण्याची दोन कारणं लोकांनी शोधून ठेवली होती, आणि दोन महिने पत्र्याखाली बसून वाचलेलं व्याकरण त्या दोहोंत कुठंच बसत नव्हतं.

गारगोटीच्या एसटीनं बिद्री, मुदाळतिट्टा करत मी पहिल्या दिवशी शाळेत पोचले, त्याच्या आधी माझी कीर्ती पोचली होती. आबांच्या पेढ्यांपैकी एक पेढा कुठल्याशा पावण्यामार्फत त्या गावापर्यंत गेला असावा. हेडसरांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि "वर सगळं ठीक ना?" असं विचारलं. मला वाटलं पावसाचं विचारतात. स्टाफरूममध्ये मी आत गेले की बोलणं थांबायचं. एका बाईंनी तर सरळ सांगितलं, तुम्ही काय बाई, वरून आलेल्या. दुसऱ्या जागेवर रणजित नावाचा तरुण लागला होता. तो संस्थेच्या चेअरमनच्या मेहुण्याचा मुलगा. त्याच्याबद्दल सगळे म्हणायचे, पोरगा हुशार आहे, स्वतःच्या बळावर आला. तो स्वतः काहीच म्हणायचा नाही. तेव्हापासून मी बघत आले आहे, ज्याचा वशिला खरा असतो तो त्याविषयी एक अवाक्षर काढत नाही. बोलतात ती आमच्या आबांसारखी माणसं.

रणजित हा ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत पडायचा नाही. फळ्यावर त्याला जे सुचेल ते लिहायचा आणि वर्गाला व्यायामाच्या तासाला लवकर सोडायचा. माझं अक्षर चांगलं म्हणून हेडसरांनी मला आणखी एक काम दिलं होतं, ऑफिसातल्या जुन्या फायलींची यादी स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची. त्यांत एका फायलीत आमच्या परीक्षेचा निकाल होता. पहिलं नाव माझं. दुसरं शैलाचं. रणजितचं नाव अकरावं. मी ते पान किती वेळ बघत बसले कोण जाणे. स्वतःचं नाव पहिलं बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्यामागून लगेच राग आला, आणि तो राग रणजितवर किंवा चेअरमनवर न जाता थेट आबांवर गेला.

त्या शनिवारी घरी आले आणि जेवायच्या आधीच फाईल काढली. पेपरचा तो कागद आबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला. साहेबांचं अक्षर त्यांना जन्मभर ओळखीचं होतं. त्यांनी कडेवरचं नाव वाचलं, पेरवाचे डाग बघितले आणि त्यांना सगळं समजलं. आईनं गॅसवरचा रस्सा उतरवला आणि ती भिंतीला टेकून बसली. मी म्हणाले, साहेबांनी कुणाला फोन केला नाही, त्यांना माझं नावही आठवत नसणार, मी परीक्षेत पहिली आलेय, निकाल डोळ्यांनी बघितला. आणि तुम्ही गावभर माझी पहिली जागा साहेबाला वाटून टाकलीत.

आबांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "नुसत्या अभ्यासावर लागलीस व्हय?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी हो म्हणाले.

"मी तीस वर्षं दाराभाईर बसलो," ते म्हणाले. "मार्कांचे कागद घेऊन आलेली किती पोरं-पोरी बघितली. चार-चार तास बसायची. मी त्यांना पाणी द्यायचो. आणि मागनं कुणीतरी येऊन सरळ आत जायचं, मी उठून दार उघडायचो. माझ्याच हातानं उघडायचो की. नुसत्या हुशारीवर आत गेलेलं माणूस मी बघितलं न्हाय. मग तू लागलीस म्हटल्यावर मला भ्या वाटलं."

मी विचारलं, कसली भीती?

"ही काढून घेतील. म्हणून साहेबाचं नाव सांगितलं. तुझं नाव सांगितलं असतं तर कुणीबी हात घातला असता. साहेबाच्या नावाला कोण हात लावतंय?"

तेवढ्यानं माझा राग गेला नाही, हे इथं प्रामाणिकपणे लिहून ठेवते. त्यांचं म्हणणं कळलं, पटलं नाही. मी म्हणाले, यापुढं कुणाला काही सांगू नका. आबा "बरं" म्हणाले. आईनं ताटं वाढली. तो रस्सा तिनं मुद्दाम माझ्यासाठी केला होता, आणि आम्ही तिघं तो एकमेकांकडं न बघता जेवलो.

दिवाळीनंतर एके दिवशी शाळेच्या व्हरांड्यात शैला उभी. ऑफिसात आपले मार्क विचारायला ती तिसऱ्यांदा आली होती, आणि तिसऱ्यांदा तिला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं होतं. गेटवरच्या शिपायानं तिला माहिती पुरवली होती, की एक जागा गुणवत्तेवर भरली आणि दुसरी वशिल्यानं, त्या बाई वशिल्याच्या. बोट माझ्याकडं. ती माझ्याजवळ आली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या वर्गांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचा साहेब लई मोठा हाय म्हणं. डबा खाताना बोलला न्हाईसा."

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. गप्प बसणं ही पहिली, आणि ती मी थोडा वेळ धरलीही. नोकरीला सहा महिने झाले नव्हते, पगारावर घराच्या भिंतीला गिलावा करायचं चाललं होतं. तास संपल्याची घंटा झाली, पोरं बाहेर आली, आणि शैला वळून गेटाकडं चालू लागली. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि ती पाय ओढत चालत होती. मी मागून हाक मारली. तिला एसटी स्टँडवर नेलं, बाकावर बसवलं, आणि पाठ झालेला निकाल पहिल्यापासून अकराव्यापर्यंत मार्कांसकट सांगितला. तिनं वहीच्या पानावर उतरवून घेतला. खाली तुमचं नाव लिहू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणाले. तेवढा धीर नव्हता.

तिनं शिक्षण खात्याकडं अर्ज केला. त्यात मार्क इतके तंतोतंत होते की आठवडाभरात संस्थेला पत्र आलं. हेडसरांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं. ही माहिती कुणी दिली, त्यांनी विचारलं. त्या फायली माझ्याशिवाय कुणी उघडल्या नव्हत्या, तेव्हा नाकारण्यात अर्थ नव्हता. मी दिली, म्हणाले. हेडसर खुर्चीत मागं टेकले. मला वाटलं, झालं, आता गिलावा अर्धाच राहणार. पण ते पुढं झुकून हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही तुमच्या मनानं केलंत, का वरून कुणी सांगितलं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वर कुणी नाही, सर. तोंडही उघडलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, वरच्या माणसांची नावं मी कशी घेऊ?"

हेडसरांनी चहा मागवला.

ज्या गोष्टीसाठी मी बापाला जेवणाआधी फाडून खाल्लं होतं, ती गोष्ट मी दोन महिन्यांत त्यांच्यापेक्षा सफाईनं केली. आबा निदान साहेबांचं नाव घ्यायचे, मी तेवढाही धोका पत्करला नाही. चेअरमनपर्यंत निरोप गेला, की बाईंच्या मागं मोठं कुणीतरी आहे आणि ते चिडलं आहे. ते मोठं कुणीतरी त्या वेळी बहुधा व्हरांड्यात पेपर वाचत आमची चटणी खात होतं. जूनमध्ये एक जुने मास्तर रिटायर झाले आणि त्यांच्या जागेवर शैलाला ऑर्डर निघाली. रणजितला कुणी हात लावला नाही. पुढं तो हेडमास्तर झाला. त्याच्या सत्काराला मी हजर होते. तीन वक्त्यांनी "केवळ गुणवत्तेच्या जोरावर" असं म्हटलं आणि तिन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या, कारण शेजारचे बघत होते.

शैला ऑर्डर घेऊन रविवारी आमच्या घरी आली. बरोबर तिचे वडील. त्यांच्या कानांत अजून माग चालू असावा, कारण आम्हाला त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागत होतं. आईनं चहा ठेवला. शैलाचे वडील आबांच्या पाया पडायला वाकले, आबा घाईनं मागं सरकले. शैलाचे वडील म्हणाले, पोरीचं कल्याण झालं, आता तेवढं साहेबांच्या पायावर डोकं ठेवायचं आहे, कुठं राहतात सांगा. शैलाही म्हणाली, तुमच्या वशिल्यानं झालं आबा, मी जन्मभर विसरत न्हाय. परीक्षेत दुसरी आलेली मुलगी, आपल्या हातानं मार्क उतरवून घेतलेली, आणि तिचाही आपल्या मार्कांवर विश्वास नव्हता. मी आबांकडं बघितलं. त्यांच्या आयुष्यात असा दिवस आला नव्हता. परगावचा माणूस, ऑर्डरचा कागद हातात, आणि साहेबांचा पत्ता विचारतोय. आबांनी खिशातली डायरी चाचपली. दारात शेजारची मंडळी डोकावत होतीच.

आबा उठले. दारापाशी गेले, शेजाऱ्यांना "पावणं आल्यात, मागनं या" म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. मग परत येऊन शैलाच्या वडिलांच्या समोर बसले.

"पावणं," ते म्हणाले, "साहेब-बिहेब कोण न्हाय. कुणी फोन केला न्हाय, कुणी शब्द टाकला न्हाय. ह्या दोघी पोरी पास झाल्यात."

शैलाच्या वडिलांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागं हात धरला आणि काय म्हणालासा, असं विचारलं.

आबा त्यांच्या कानाजवळ गेले, दाराकडं एकदा बघितलं, आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "पास झाल्यात. पण भाईर कुठं बोलू नका. नोकरी जाईल."